गंधकाचा सांधा

पनवेलहून पूर्वेस माथेरानच्या डोंगराकडे तोंड करून निघालें म्हणजे गाढी नदीच्या खोऱ्यांत नेरे हें गांव लागतें. भोंवतीं भाताचीं खाचरें, पलीकडे प्रबळगडाची रेघ आणि पावसाळ्यांत डोंगरावरून उतरणारें गढूळ पाणी, असा कोंकणांतील कोणत्याहि मुलखासारखाच हा मुलूख आहे. परंतु पुष्कळ घरांत नेऱ्याचें नांव ठाऊक असतें तें तेथील 'शांतिवन' या वसाहतीमुळें. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकांत कुष्ठरोग निवारण समितीनें ती उभारली. ज्यांस घरानें टाकलें आणि गांवानें वेशीबाहेर काढलें, त्यांनीं तेथें राहावें, औषध घ्यावें आणि हातांत बळ आहे तोंवर काम करून खावें, ही त्यामागील कल्पना. पुढें त्याच संस्थेच्या छायेखालीं आदिवासी मुलांची आश्रमशाळा आणि वृद्धांचें निवासस्थान हींहि उभीं राहिलीं. कुष्ठरोगी आणि शाळकरी मुलें एका संस्थेच्या आवारांत नांदतात, ही गोष्ट त्यापूर्वीं पन्नास वर्षें होऊन गेलेल्या माणसास कोणी सांगितली असती तर त्यानें कानांवर हात ठेवले असते.

मधल्या काळांत काय पालटलें? मनुष्याच्या ठायीं दया पूर्वींहि होती, औषध नव्हतें. तें औषध ज्या पांढऱ्या गोळीच्या रूपानें आलें, तिच्यांतील द्रव्याचें नांव डॅप्सोन. त्याच्या एका रेणूंत कर्बाचे १२ अणु, हायड्रोजनचे १२, नत्राचे २, प्राणवायूचे २ आणि गंधकाचा १, असे एकंदर २९ अणु असतात. यांतील एकहि मूलद्रव्य दुर्मिळ नाहीं. कर्ब कोळशांत आहे, हायड्रोजन पाण्यांत आहे, नत्र आणि प्राणवायु हवेंत आहेत, आणि गंधक तर त्वचेच्या विकारांवर वैद्य शेंकडों वर्षें देत आले. तेव्हां गुण द्रव्यांत नव्हे, तीं कशीं जोडलीं आहेत त्यांत आहे. हे अणु एकमेकांस कशानें धरून राहतात, तें मनुष्यास कसें उमगलें, आणि तें उमगण्यापूर्वींच हातीं आलेलें औषध तीस वर्षें कोणाच्याहि उपयोगी न पडतां कसें पडून राहिलें, याचा वृत्तान्त मोठा उद्बोधक आहे.

औषध नव्हतें म्हणजे काय होतें, हें आधीं ध्यानांत घेतलें पाहिजे. मुंबईत माटुंग्यास १८९० सालीं निराश्रित महारोग्यांकरितां एक आश्रयस्थान उघडण्यांत आलें. त्यासाठीं खटपट करणारे म्युनिसिपल कमिशनर हॅरी आर्बथनॉट ॲक्वर्थ यांचें नांव त्यास पुढें मिळालें. मराठी वाचकांस हे गृहस्थ दुसऱ्याच कारणानें परिचित असतील. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या साहाय्यानें मराठी पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध करणारे ॲक्वर्थ ते हेच. त्यांच्या आश्रयस्थानांत अन्न, वस्त्र आणि निवारा मिळे. पण तेथें येणाऱ्यास बरा करून घरीं धाडावयाचें साधन जगांत कोणाहिजवळ नव्हतें. नॉर्वेंतील बर्गेन येथें हान्सेन यांनीं १८७३ सालींच या रोगाचा जंतु पाहिला होता; परंतु शत्रु दिसला म्हणून तो मरत नाहीं. १८९८ च्या कायद्यानें तर निर्धन महारोगी दिसतांच त्यास वॉरंटावांचून पकडण्याचा अधिकार पोलिसांस दिला. रोगावर इलाज नसला कीं रोग्यावर इलाज चालतो, तो असा. तो कायदा पुस्तकांतून निघावयास २०१६ साल उजाडावें लागलें.

अगदींच कांहीं नव्हतें, असेंहि नाहीं. सह्याद्रीच्या दाट रानांत, ओढ्यांच्या कांठीं, कडू कवठ नांवाचा वृक्ष आढळतो. संस्कृतांत त्यास तुवरक म्हणतात. सुश्रुतानें चिकित्सास्थानांत या वृक्षाचा ठावठिकाणा पश्चिम समुद्राच्या कांठचा म्हणून सांगितला असून त्याच्या बियांचें तेल काढून कुष्ठावर द्यावें असें लिहिलें आहे. कोंकणच्याच रानांतलें हें औषध. त्याचा पूर्वेकडील भाऊबंद जो चौलमुग्रा, त्याच्या बियांचें तेल एकोणिसाव्या शतकांत युरोपांतील दवाखान्यांतहि जाऊन पोंचलें. पण तें पोटांत घ्यावें तर उमासे येत, आणि टोंचावें तर तें इतकें दाट कीं कातडीखालीं गांठी होऊन रोगी वेदनेनें हैराण होई.

येथें रसायनशास्त्र पुढें आलें. कोणतेंहि तेल म्हणजे ग्लिसरीनच्या आंखूड दांडीस बांधलेले मेदाम्लांचे तीन लांब दोर. लंडनमध्यें फ्रेडरिक पॉवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९०४ पासून हे दोर सोडवून तपासले, तेव्हां त्यांत एक विचित्र आम्ल सांपडलें. त्याच्या साखळींत कर्बाचे १८ अणु होते; परंतु ती साखळी इतर मेदाम्लांप्रमाणें सरळ न संपतां तिच्या टोंकास पांच कर्बाणूंचें कडें होतें. पुढें १९१५-१६ च्या सुमारास हवाई बेटांवर ॲलिस बॉल या तरुण कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञ बाईनें या आम्लाची ग्लिसरीनशीं असलेली गांठ सोडवून ती अल्कोहोलशीं बांधली. तेल पातळ झालें, टोंचतां येऊं लागलें. १९१६ च्या अखेरीस, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षीं ती वारली, आणि तिच्या कृतीचें श्रेय कित्येक वर्षें दुसऱ्याच्या नांवावर मांडलें गेलें. याच सुमारास कलकत्त्यांत लिओनार्ड रॉजर्स हेहि या तेलांतील आम्लांपासून टोंचतां येण्याजोगीं औषधें करवून घेत होते. त्या कामीं सुधामय घोष या रसायनशास्त्रज्ञाचा हात होता.

या तेलानें कांहीं रोग्यांस गुण आला, पुष्कळांस आला नाहीं, आणि ज्यांस आला त्यांतलेहि किती तरी पुन्हां आजारी पडले. तरी एक गोष्ट स्पष्ट झाली होती. तेंच आम्ल, तेच अणु. एक गांठ सोडून दुसरी मारली एवढ्यानें पदार्थाचा स्वभाव पालटतो.

पण गांठ म्हणजे तरी काय? हा प्रश्न त्याहून जुना आहे. १८५२ सालीं फ्रँकलंड या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानें दाखवून दिलें कीं, प्रत्येक मूलद्रव्याच्या अणूची इतरांस धरण्याची शक्ति ठराविक असते. पुढें या शक्तीस संयुजा हें नांव मिळालें. १८५८ सालीं ऑगस्ट केकुले आणि आर्चिबाल्ड स्कॉट कूपर या दोघांनीं एकमेकांस नकळत सांगितलें कीं, कर्बाच्या अणूस चार हात असतात आणि त्यांपैकीं कांहीं हातांनीं तो दुसऱ्या कर्बाणूसच धरूं शकतो. तेल, साखर, लांकूड, मांस यांतील लांबच लांब साखळ्यांचें रहस्य हेंच.

यांतील कूपरची कहाणी दुःखद आहे. हा स्कॉटलंडचा तरुण पॅरिसमध्यें वुर्ट्झ यांच्या प्रयोगशाळेंत काम करीत होता. आपला निबंध तेथील अकादमीपुढें ठेवावा म्हणून त्यानें तो वुर्ट्झ यांजकडे दिला. त्यास विलंब लागला, आणि तेवढ्यांत केकुले यांचा लेख छापून निघाला. कूपर संतापला, प्रयोगशाळेंतून बाहेर पडला, स्वदेशीं परतला आणि थोड्याच काळांत त्याच्या मनाचा तोल ढळला. पुढील तीस-बत्तीस वर्षें त्यानें कांहींहि शोध लावला नाहीं. आईनें त्यास सांभाळलें. परंतु दोन अणूंच्या मध्यें रेघ ओढून त्यांचा संबंध दाखविण्याची जी पद्धत आज शाळेंतला प्रत्येक मुलगा गिरवितो, तिचा आरंभ त्याच निबंधांत आहे. केकुले यांनीं १८६५ सालीं बेंझीनचे सहा कर्बाणु वर्तुळाकार जोडून दाखविले. शेपूट तोंडांत धरलेल्या सर्पाचें स्वप्न पडून तें सुचलें, असें त्यांनीं पंचवीस वर्षांनीं एका सत्कारसमारंभांत सांगितलें. गोष्ट गोड आहे. परंतु सत्कारसमारंभांत सांगितलेल्या गोष्टींवर किती विसंबावें हें ज्याचें त्यानें ठरवावें.

आतां गंमत अशी कीं, रेघ ओढणाऱ्यांपैकीं एकासहि ती रेघ कशाची हें ठाऊक नव्हतें. नकाशांतील रस्त्याप्रमाणें ती उपयोगाची होती. तिच्या आधारानें रंग, अत्तरें, औषधें यांचे हजारों नवे रेणु तयार झाले. त्याच भरांत १९०८ सालीं जर्मनींतील फ्रायबुर्ग विद्यापीठांत एमिल फ्रोम आणि याकोब विट्मान यांनीं गंधकयुक्त कर्बी पदार्थांचा अभ्यास करतांना एक नवें द्रव्य बनविलें. त्याचें चित्र असें: दोन बाजूंस बेंझीनचीं दोन षट्कोनी कडीं; मध्यें त्यांस जोडणारा गंधकाचा एकच अणु; त्या गंधकास चिकटलेले प्राणवायूचे दोन अणु; आणि प्रत्येक कड्याच्या बाहेरच्या टोंकास नत्राचा एक अणु, आपल्या दोन हायड्रोजनांसह. हेंच डॅप्सोन. त्याच वर्षीं व्हिएन्ना येथें पाउल गेल्मो नांवाच्या विद्यार्थ्यानें आपल्या प्रबंधाकरितां सल्फानिलअमाइड हें याच जातीचें द्रव्य केलें. दोघांचेहि लेख छापले गेले आणि ग्रंथालयांतील कपाटांत जाऊन बसले. मुंबई, मद्रास, कलकत्ता येथील आश्रयस्थानांत त्या दिवशींहि रोगी दाखल होत होतेच.

रेघेचा अर्थ कळला तो १९१६ सालीं. मध्यंतरीं १८९७ मध्यें जे. जे. टॉमसन यांनीं इलेक्ट्रॉनचा शोध लावला होता, आणि अणूच्या मध्यभागीं धनविद्युतीचें केंद्र व त्याच्या भोंवतीं ऋणविद्युतीचे इलेक्ट्रॉन असतात हेंहि प्रस्थापित झालें होतें. जर्मनींत कोसेल यांनीं सांगितलें कीं, कांहीं अणु आपला इलेक्ट्रॉन दुसऱ्यास देऊन टाकतात. याचें उदाहरण नेऱ्यापासून दूर नाहीं. गाढी नदी पनवेलच्या खाडीस मिळते, आणि तेथून पुढें उरण-पेणच्या बाजूस मिठागरें आहेत. मिठागरांतील खड्यांत सोडियमच्या प्रत्येक अणूनें आपला एक इलेक्ट्रॉन क्लोरीनच्या अणूस दिलेला असतो. देणारा त्यामुळें धनभारित होतो, घेणारा ऋणभारित, आणि विरुद्ध विद्युतींच्या ओढीनें ते एकमेकांशेजारीं रांगेनें बसतात. पाण्यांत टाकतांच ही रांग मोडते. मीठ चटकन विरघळतें तें म्हणून.

परंतु कर्बाची साखळी अशी पाण्यांत सुटत नाहीं. तिचें कोडें अमेरिकेंत कॅलिफोर्निया विद्यापीठांतील गिल्बर्ट न्यूटन लुईस यांनीं सोडविलें. त्यांचें म्हणणें असें कीं, येथें देवघेव नसून सामाईक मालकी आहे. प्रत्येक अणु एकेक इलेक्ट्रॉन पुढें करतो आणि त्या जोडीवर दोघांचाहि हक्क चालतो. भाताच्या दोन खाचरांमधील बांध पाहावा. तो या शेतकऱ्याचाहि असतो आणि त्या शेतकऱ्याचाहि. दोघांचीहि जमीन त्याच बांधानें पुरी होते, आणि तो काढूं म्हटलें तर दोघांचेंहि पाणी वाहून जातें. कर्बाच्या बाहेरच्या कक्षेंत चार इलेक्ट्रॉन असतात आणि आठ झाले म्हणजे ती भरते. म्हणून तो चार शेजाऱ्यांशीं चार बांध घालतो. कूपरची रेघ म्हणजे दोन इलेक्ट्रॉनांची ही सामाईक जोडी. लुईस यांनीं ती रेघेऐवजीं दोन ठिपक्यांनीं दाखविली.

दोन अणूंनीं अशी सामाईक जोडी कां करावी, याचें उत्तर देण्यास नवें पदार्थविज्ञान यावें लागलें. १९२७ सालीं हाइट्लर आणि लंडन या दोघांनीं हायड्रोजनच्या दोन अणूंचें गणित मांडलें. दोन इलेक्ट्रॉनांचें परिवलन परस्परविरुद्ध असलें म्हणजे ते दोन्ही केंद्रांच्या मधल्या जागेंत अधिक वेळ वावरूं शकतात. तेथें त्यांस दोन्हीकडून ओढ लागते आणि एकंदर ऊर्जा कमी होते. वरून घरंगळलेला दगड दरींत स्थिरावतो तद्वत् अणुहि कमी ऊर्जेच्या ठिकाणीं स्थिरावतात. तेथून त्यांस वर काढावयाचें तर तेवढी ऊर्जा परत मोजावी लागते. फार जवळ आणलें तर केंद्रें एकमेकांस ढकलतात, फार दूर नेलें तर ओढ सुटते. म्हणून प्रत्येक सांध्याची लांबी ठरलेली. एका सेंटिमीटरचे दहा कोटी भाग केले, तर अशा सुमारें दीड भागाएवढें अंतर दोन कर्बाणूंत असतें.

या दृष्टीनें डॅप्सोनच्या मधल्या सांध्याकडे पाहिलें म्हणजे त्याचा स्वभाव उलगडतो. गंधकाच्या बाह्य कक्षेंत सहा इलेक्ट्रॉन आहेत. त्यांपैकीं दोन तो दोन बाजूंच्या कड्यांशीं भागीदारींत घालतो. उरलेल्या चारांच्या दोन जोड्या होतात, आणि त्या तो प्राणवायूच्या दोन अणूंस वापरावयास देतो. प्राणवायु मोठा ओढाळ. तो त्या जोड्या आपल्याकडे खेंचून घेतो. त्यामुळें गंधक इलेक्ट्रॉनांस भुकेला राहतो आणि आपली भूक दोन्ही कड्यांवर काढतो. कड्यांच्या दूरच्या टोंकाचा नत्र आपल्या इलेक्ट्रॉनांचा कांहीं भाग कड्यामार्गें तिकडे सोडतो. मध्यें बसलेल्या एका अणूचा अंमल असा दोन्ही टोंकांपर्यंत चालतो. गंधक व प्राणवायु यांच्यामध्यें एक रेघ काढावी कीं दोन, हा वाद पुढें पुष्कळ वर्षें चालला. अलीकडील गणितें लुईसच्या जुन्या चित्राकडेच अधिक झुकतात.

हें ज्ञान आणि कपाटांतील तें द्रव्य यांची गांठ पडावयास आणखी कांहीं वर्षें जावीं लागलीं. १९३५ सालीं जर्मनींत गेर्हार्ट डोमाक यांनीं प्रसिद्ध केलें कीं, प्रॉन्टोसिल नांवाचा एक तांबडा रंग उंदरांस रक्तदोषाच्या जंतूंपासून वांचवितो. आश्चर्य असें कीं, परीक्षानळींत हाच रंग त्या जंतूंस कांहींहि करीत नसे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेंतील ट्रेफुएल पतिपत्नी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्याच वर्षीं याचा उलगडा केला. त्या रंगाच्या मध्यभागीं नत्राच्या दोन अणूंचा सांधा आहे. शरीरांत गेल्यावर तो सांधा तुटतो, रंग नाहींसा होतो आणि त्याचा एक तुकडा जंतूंवर चालून जातो. तो तुकडा म्हणजे गेल्मोचें १९०८ मधील सल्फानिलअमाइड! झालें, सर्वत्र जुनीं कपाटें उघडलीं गेलीं. १९३७ सालीं लंडन आणि पॅरिस या दोन्ही ठिकाणीं फ्रोम-विट्मान यांचें द्रव्य तपासलें गेलें. तें सल्फानिलअमाइडहून कितीतरी प्रभावी, पण उंदरांस तितकेंच जाचकहि ठरलें. मनुष्यास देण्याजोगें तें नाहीं, असा निर्णय होऊन तें पुन्हां बाजूस पडलें.

तें सौम्य करावें म्हणून रसायनशास्त्रज्ञांनीं त्याच्या दोन्ही टोंकांस साखरेचे अंश जोडून प्रोमिन नांवाचें औषध केलें. अमेरिकेंत लुइझियाना संस्थानांतील कारव्हिल येथें कुष्ठरोग्यांचें मोठें रुग्णालय होतें. तेथें डॉक्टर गाय फॅजेट यांनीं १९४१ सालीं प्रोमिन शिरेवाटे देण्यास प्रारंभ केला. आरंभीं कांहींच दिसेना. मग महिन्यांमागून महिने गेले, आणि कांहीं रोग्यांचे वर्षानुवर्षें न भरलेले व्रण भरूं लागले. १९४३ सालीं त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. पुढें कळलें तें असें कीं, साखरेचे ते अंश शरीरांत गळून पडतात आणि काम करतें तें मूळचें डॅप्सोनच! मग एवढा खर्च आणि एवढा खटाटोप कशासाठीं? भारतांत चिंगलपट येथें रॉबर्ट कॉक्रेन यांनीं १९४६ च्या सुमारास मूळ द्रव्यच अल्प प्रमाणांत टोंचून पाहिलें. नायजेरियांत जॉन लो यांनीं थोड्याच वर्षांत दाखविलें कीं, टोंचण्याचेंहि कारण नाहीं. गोळी गिळली तरी पुरे. मात्रा थोडी ठेवली तर ज्या विषारीपणाचें भय होतें तो बहुतेकांस बाधत नाहीं. अत्यंत स्वस्त, घरीं बसून घेतां येण्याजोगें औषध जगास मिळालें. भारत सरकारनें १९५५ सालीं जो कुष्ठरोग नियंत्रणाचा कार्यक्रम आरंभिला, त्याचा सारा भार याच गोळीवर होता. नेऱ्यासारख्या वसाहती उभ्या राहिल्या तो काळ हाच.

गोळी जंतूस मारते कशी? १९४० सालीं इंग्लंडांत डोनाल्ड वूड्स यांनीं सल्फानिलअमाइडसंबंधीं जें शोधून काढलें, तें डॅप्सोनासहि लागू पडलें. जंतूस वाढीकरितां फोलिक आम्ल लागतें आणि तें तो स्वतः घडवितो. त्या घडणींत एक कच्चा माल असा लागतो कीं, ज्यांत बेंझीनचें एक कडें, एका टोंकास नत्र आणि दुसऱ्या टोंकास प्राणवायूचे दोन अणु असतात. डॅप्सोनचें अर्धें अंग हुबेहूब तसेंच दिसतें. जंतूच्या कारखान्यांतील जें प्रथिन तो माल उचलतें, तें फसून डॅप्सोन उचलतें आणि त्याचा हात अडकून बसतो. मनुष्याच्या शरीरांत हा कारखानाच नाहीं. मनुष्यास फोलिक आम्ल पालेभाजींतून आणि डाळींतून मिळतें. एकाच घावानें जंतु घायाळ व्हावा आणि रोगी वांचावा, याचें मर्म येथें आहे.

मात्र जंतूच्या प्रथिनानें डॅप्सोनास जें धरलेलें असतें, तें लुईसच्या सामाईक जोडीनें नव्हे. तेथील बंध फार हलके असतात. नत्रावरील हायड्रोजन पलीकडच्या प्राणवायूकडे किंचित् कलतो, एवढेंच. असल्या एका बंधाचें बळ कर्बाच्या नेहमींच्या सांध्याच्या सुमारें दहाव्या-विसाव्या हिश्शाइतकें. म्हणून हा हात अडकतो, सुटतो, पुन्हां अडकतो. शंभर मिलिग्रॅमच्या एका गोळींत चोविसावर एकोणीस शून्यें मांडावीं इतके रेणु असतात. त्यांचा पुरवठा रोज चालू ठेवला तरच जंतु दबून राहतो. त्यांत हा जंतु अतिशय मंद, एकाचे दोन व्हावयास त्यास बारा-चौदा दिवस लागतात. परिणामीं रोग्यास गोळी वर्षानुवर्षें, कित्येकांस तर आजन्म घ्यावी लागे. दूर पाड्यावर राहणारा मजूर मजुरी बुडवून दहा-दहा वर्षें औषधासाठीं खेपा घालीत राहील, ही अपेक्षा करणारांनीं तें औषध स्वतः घेतलें नव्हतें.

खंड पडूं लागला आणि जंतु शिकला. १९६४ सालीं मलायांत पेटिट आणि रीस यांनीं डॅप्सोनास दाद न देणारा कुष्ठजंतु सिद्ध करून दाखविला. पुढें या प्रतिकाराचें कारण अणूंच्या भाषेंत कळलें तें असें: त्या फसणाऱ्या प्रथिनाच्या साखळींतील ५३ व्या किंवा ५५ व्या जागीं एक दुवा पालटलेला असतो. तेवढ्यानें खोबणीचा आकार किंचित् निराळा होतो, खरा माल अजून बसतो, पण डॅप्सोन बसत नाहीं. शेंकडों दुव्यांत एकाचा फरक, आणि इतक्या वर्षांचा विश्वास डळमळला.

मग जागतिक आरोग्य संघटनेनें १९८२ सालीं एकाऐवजीं तीन औषधें एकदम देण्याची रीत सांगितली. डॅप्सोन रोज, त्याच्या जोडीस महिन्यांतून एकदां रिफँपिसिन, आणि तिसरें क्लोफाझिमिन, जें डब्लिन येथें व्हिन्सेंट बॅरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं क्षयावरील औषध शोधतांना १९५० नंतरच्या दशकांत तयार केलें होतें. हें तिसरें जन्मानें रंगद्रव्य असल्यामुळें रोग्याची कातडी तांबूस-काळसर करतें. रोग लपवूं पाहणाऱ्यास औषधच चारचौघांत उघडें पाडी. असें असूनहि लोकांनीं तें घेतलें, कारण आतां मुदत आजन्म नसून महिन्यांची होती. तिघांच्या माऱ्यापुढें जंतूचा टिकाव लागला नाहीं. २००५ च्या अखेरीस भारतांतील रोग्यांचें प्रमाण दर दहा हजारांत एकाहून खालीं आलें. रोग संपला असा त्याचा अर्थ नव्हता, आणि दरवर्षीं नवे रोगी अजूनहि सांपडतात. विवाहविषयक कायद्यांत कुष्ठरोग हें घटस्फोटाचें कारण म्हणून लिहिलेलें होतें. रोग गोळ्यांनीं महिन्यांत बरा होऊं लागल्यावरहि तें पाव शतकाहून अधिक काळ तसेंच राहिलें, आणि संसदेनें २०१९ सालीं तें काढून टाकलें.

जंतु मेला तरी एक हानि मागें राहते. हा जंतु हातापायांच्या मज्जातंतूंत शिरतो आणि स्पर्श व वेदना यांची जाणीव घालवितो. गेलेला मज्जातंतु कोणत्याहि गोळीनें परत येत नाहीं. चुलीवरचें भांडें हातास पोळतें तें कळत नाहीं. पायांत खिळा रुतला तरी माणूस दिवसभर चालत राहतो, आणि त्या जखमा चिघळून बोटें झडतात. रोगानें बोटें गळतात असा जो समज आहे, तो खरा नव्हे. वेल्लोर येथें पॉल ब्रँड यांनीं १९४८ पासून वांकड्या झालेल्या हातांवर शस्त्रक्रिया करून त्यांची पकड परत आणली, आणि ही गोष्ट निःसंशय सिद्ध केली. पायांकरितां तेथेंच सूक्ष्म छिद्रांच्या मऊ रबराचे तळ असलेलीं पादत्राणें तयार झालीं.

त्या रबराची घडणहि अणूंच्या सांध्यांनींच ठरते. झाडाच्या चिकांतून निघालेल्या कच्च्या रबराच्या साखळ्या सुट्या असतात. उन्हांत ते पाघळतें, थंडींत ठिसूळ होतें. १८३९ सालीं अमेरिकेंत चार्ल्स गुडइयर यांच्या हातून तें गंधकाबरोबर तापविलें गेलें आणि त्या साखळ्यांत आडवे पूल पडले. पूल थोडे पडले तर रबर मऊ आणि लवचीक, फार पडले तर लांकडासारखें कठीण. सुन्न पायाखालचा तळ इतका मऊ हवा कीं चालणाऱ्याचा भार एका जागीं न बोचतां सर्वत्र पसरावा, आणि इतका टणकहि हवा कीं शेताच्या बांधावरचा कांटा त्यांतून आरपार जाऊं नये. तळ किती मऊ आणि किती टणक व्हावा हें ठरवितांना गंधक किती घालावयाचा, याचा हिशेब करावाच लागतो.